बाबा बोट दाखवतात तिकडे

प्रिय टिटवे,

वर्ष होत आलं, तुझा धड फोन नाही. मी केला तर उचलत नाहीस, चुकून उचललास तर कामात आहे म्हणून ठेवून देतेस. आधी मला राग आला, मग रागाचाही कंटाळा आला. पण गेल्या आठवड्यात तुझ्या अबोल्याचं कारण मला कळलं, आणि तेव्हापासून घास गोड लागत नाही. म्हणून लिहायला बसले आहे. पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, एवढं ऐक.

इथलं सगळं तसंच आहे. उन्हाळा लागला की बेटावर माणसं उतरतात, धक्क्यावर रांग लागते आणि मी सकाळपासून लाँचचं सुकाणू धरून उभी. मनगटं संध्याकाळी इतकी दुखतात की डब्याचं झाकण उघडत नाही. उभे राहू नका, हात बाहेर काढू नका, मुलांना धरून ठेवा, हे मी झोपेतही बडबडते म्हणे. बाबा पलीकडच्या खोलीतून हो हो म्हणतात. परवा एका बाईंनी विचारलं, हे डॉल्फिन तुम्ही रात्री कुठे ठेवता? पूर्वी अशा प्रश्नावर आपण दोघी इंजिनाच्या खोलीत शिरून पोट धरून हसलो असतो. मी सरळ सांगितलं, बाई, ते आम्हाला ठेवतात. त्यांना ते पटलं, हे आणखी वाईट.

कातरी अजून येते. पाठीवरच्या पराला खाच असलेली ती डॉल्फिन, तुझी लाडकी. या वर्षी तिच्यासोबत पिल्लू आहे, सारखं आईला चिकटून. ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला तूच आठवलीस. चालायला लागायच्या आधीपासून बाबांच्या खांद्यावर बसून तू लाँचवर यायचीस आणि पाण्यात काही हललं की सगळ्यांच्या आधी किंचाळायचीस. प्रवासी दचकायचे, बाबा खूश व्हायचे. टिटवी हे नाव त्यांनीच ठेवलं. या पोरीला गप्प बसता आलं तर मी मिशी काढीन, असं ते म्हणायचे. मिशी अजून आहे.

दोन वर्षांपूर्वी तू घर सोडलंस, त्या दिवसाचं मला माहीत आहे. लाँच वेगात सोडून तू थेट कळपात नेलीस, पिल्लं असताना, आणि बाबांनी सगळ्या प्रवाशांसमोर तुझ्या हातातून सुकाणू काढून घेतलं. त्यांचा नियम तुला पाठ होता: पाठलाग करायचा नाही, इंजिन बंद करून थांबायचं, यायचं असेल तर ते येतील. तुला वाटलं, लोक इतक्या लांबून येतात, रिकामे कसे पाठवायचे. दोघांचंही खरं होतं, पण चारचौघांत तसं करायला नको होतं. मी त्यांना तेव्हाच तोंडावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तू बॅग भरलीस तेव्हाही काही बोलले नाहीत. आपल्या घरात कुणी आधी बोलायचंच नाही, अशी शपथच घेतली आहे जणू सगळ्यांनी.

आता जे लिहिते ते लिहू नकोस असं बाबांनी मला बजावलं होतं. मी वचन दिलं होतं आणि आज मोडते आहे. बाबांचे डोळे गेले आहेत, टिटवे. पूर्ण नाही. कडेचं दिसतं, मधलं नाही. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या थंडीत डॉक्टरांनी सांगितलं की चालता-फिरता येईल, पायऱ्या, भिंती, दोर अंदाजाने कळतील. वाचता येणार नाही, चेहरे ओळखता येणार नाहीत. औषध नाही. परत येताना बाबा एवढंच म्हणाले, धाकटीला कळता कामा नये. कळलं तर ती कीव करून येईल, आणि मला कीव नको, ती हवी आहे. शब्द त्यांचेच आहेत.

तरी ते रोज लाँचवर येतात. पुढच्या टोकाला, आपल्या जागेवर उभे राहतात आणि बोट दाखवतात. तिकडे बघा, खडकाच्या डावीकडे. सगळे वळून बघतात, आणि तिकडे कधीकधी काहीच नसतं. म्हणून मी एक युक्ती काढली. कळप मला दिसला की मी सुकाणू हळूच फिरवायचं, लाँचचं तोंड वळवायचं, म्हणजे बाबांचं बोट आपोआप डॉल्फिनवर येतं. लोक टाळ्या वाजवतात. म्हाताऱ्याची नजर काय आहे, म्हणतात. गेला अख्खा उन्हाळा मी हे केलं आणि या उन्हाळ्यातही करते आहे. एक डोळा कळपावर, एक बाबांच्या हातावर, वर हसरं तोंड. खरं सांगते, मी पार थकून गेले आहे. कुणाला सांगताही येत नाही.

गेल्या आठवड्यात एके दिवशी वारा पडला होता. इंजिन बंद करून आम्ही थांबलो होतो, म्हणजे वळवायचा प्रश्नच नव्हता. कातरी लाँचच्या मागून आली, मला दिसण्याआधी तिच्या श्वासाची फुस्स ऐकू आली, आणि बाबा वळून नेमकं बोट दाखवून मोकळे. म्हणाले, कातरी आहे, आज पिल्लू मागे राहिलंय. तसंच होतं. फेरी संपल्यावर मी दोर बांधत होते तेव्हा ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, जवळ आले की मला कानाने कळतं; लांबचे असले की तू लाँच वळवतेस, तेही पायाला कळतं. पहिल्यापासून कळतं. हल्ली तुझा हात जड झालाय, दमलीस तू. रडूच आलं मला. मग कुणाशीच नाही असं म्हणाले, धाकटीचा हात हलका होता. ती वळवायची तेव्हा पाणीसुद्धा हलायचं नाही. मी त्या दिवशी तिच्या हातातून काढून घेतलं.

याच्या दुसऱ्याच दिवशी तिकीट खिडकीवरच्या काकूंनी मला विचारलं, काय गं, धाकटीचा राग गेला का? मी म्हटलं, कुठला राग? तेव्हा त्यांनी सांगितलं. गेल्या उन्हाळ्यात तू आली होतीस. कुणाला न कळवता, केस कापून, हातात मोठी पिशवी घेऊन. मी तेव्हा लाँच घेऊन पलीकडे डिझेल भरायला गेले होते. बाबा धक्क्यावर एकटेच होते. तू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिलीस, एक शब्द न बोलता, ते आधी बोलतील म्हणून. आणि ते म्हणाले, सावकाश हं, पायरी निसरडी आहे, आणि पुढे निघून गेले. काकू म्हणाल्या, पोरगी बराच वेळ तशीच उभी होती, मग आली त्याच बोटीने परत गेली. टिटवे, तुला वाटलं असेल की पोटच्या पोरीला त्यांनी परकं केलं. अगं, त्यांनी तुला पाहिलंच नाही. समोर कुणीतरी उभं आहे एवढंच त्यांना कळलं, आणि अनोळखी माणसाला ते रोज जे सांगतात ते त्यांनी तुला सांगितलं. मी त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. सांगायला माझी जीभ रेटत नाही. ते तूच सांग. उन्हाळा अजून संपलेला नाही, तू ये. आणि या वेळी धक्क्यावर नुसती उभी राहू नकोस. जन्मात एकदाच गप्प राहिलीस, तीही नको तिथे. ओरड. भांड हवं तर. आवाज ऐकला की ते थांबतील.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई