बंगईचा गर्डर

मोर्शी, १२ मे २००६

चि. पौर्णिमास अनेक आशीर्वाद.

आज पडवीचे जुने छप्पर उतरवले. दुपारी लोखंड आले. ऊन फार होते.

फेब्रुवारीत तुझी आई गेली तेव्हापासून तिची झोक्याची बंगई माळ्यावर आहे. नव्या पडवीच्या गर्डरला ती टांगावी म्हणतो. तू नकाशात गर्डर खांबाला नुसत्या बोल्टांवर ठेवला आहेस. बुधाजी वेल्डर म्हणतो, "भाऊ, चारी बाजूनं वेल्डिंग मारून टाकतो, हत्ती बांधजा." मलाही बोल्टांचे भय वाटते. लेकरे बसतील. काय करू?

जावईबापूंना नमस्कार, मनूला पापा.
तुझे बाबा


अकोला, १७ मे

ती. बाबांस पौर्णिमाचा शि. सा. न.

वेल्डिंग मुळीच नको. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. खांब थोडे वरखाली होणारच. सांधा जखडला तर तो ताण गर्डरमध्ये शिरतो आणि वेल्डिंगपाशी तडा जातो. बोल्टांवरचा सांधा बिजागरीसारखा जरा वळतो, ताण राहत नाही. असा गर्डर मध्ये जास्त वाकतो, म्हणून तो जाड घेतला आहे. खांब डुलू नयेत म्हणून मागे तिरपे अँगल दिले आहेत. सायकलला आड येतात म्हणून ते काढाल, मी ओळखते तुम्हाला!

बुधाजीकाकांना सांगा, हत्ती नाही, आईची बंगई टांगायची आहे. आई म्हणायची, "तुह्या बाबाले बसाले सवडच नाही." म्हणून माझी अट: तुम्ही बसल्याशिवाय मनूला बसू देणार नाही. ती रोज विचारते, आजोबा बसले का?

माया आहेच, पत्रातूनही येऊ द्यावी.
पौर्णिमा


मोर्शी, ३ ऑगस्ट

चि. पौर्णिमास आशीर्वाद.

बुधाजीने सवयीने एका टोकाला वेल्डिंग मारलेच होते. तुझे पत्र वाचून दाखवले तेव्हा कापून काढले. तोंड असे केले, जणू भरल्या पंगतीतून उठवले.

पंधरा दिवस झड होती. पूर्वेचा खांब अर्धे पेर वर आला. गर्डरला काही झाले नाही. बुधाजी आता गावभर सांगतो की बोल्ट त्यानेच सुचवले.

काल बंगई टांगली. बुधाजीने गल्लीतल्या पाच बायका एकदम बसवल्या. वच्छलाबाई ओरडल्या, "अरे, हे हालते काहून?" तो म्हणाला, "बाई, बंगई हाय थे!" सगळ्या हसल्या. या घरात बऱ्याच दिवसांनी हसणे झाले.

अँगल आहेत. सायकल त्यांनाच टेकवतो. मनूला घेऊन लवकर या.
बाबा

ता. क. पाकीट चिकटवायचे राहिले होते. बंगईच्या कड्यांना तेल दिले आणि बसलो. घरी कोणी नव्हते. पायाने थोडी ढकलली.