दोनशे कोटी, सगळे हजर

३ जून
डॉक्टरांनी ताईचं आतडं कागदावर काढून दाखवलं. आतड्याच्या भिंतीत राखण करणाऱ्या पेशी असतात. काही भांडकुदळ, काही समजूत घालणाऱ्या. ताईच्या भांडकुदळांनी बाहेरचं कोणी सापडेना म्हणून घरच्यांनाच बदडायला घेतलंय. चांगले जंतू पोटात सोडले की समजूत घालणाऱ्यांना जोर येतो, मग ऑपरेशन टळू शकतं. कधीकधी उपयोग होतो, खात्री नाही, असं म्हणाले. म्हणजे होतो.
चाळीस पुड्या दिल्या. एकेका पुडीत दोनशे कोटी जंतू. सिस्टर भराभर काहीतरी सांगत होत्या. कळलं ना, म्हणाल्या. मी मान हलवली. अर्धं ऐकूच आलं नव्हतं, पण परत कोण विचारणार.
निश्चय: ताईचं ऑपरेशन होऊ द्यायचं नाही.

४ जून
पुड्या फ्रिजमध्ये अगदी मागे ठेवल्या, गारव्याला. दूध खळखळून उकळलं (स्वच्छता पाहिजे), त्यात पुडी टाकली, फुंकर मारून मारून ताईला दिलं. ताईने पुड्यांचा खोका उलटसुलट करून वाचला. माझ्याकडे बघितलं. मग प्यायली.
हजेरी: दोनशे कोटी, सगळे हजर.
मला शाळेत हेच जमलं नाही. बाई नंबर पुकारायच्या, माझा ‘हजर’ घशातच. मी समोर बसलेली आणि बाई गैरहजर लावायच्या. नववीत शाळाच सोडली. जंतूंचं बरंय, तोंड उघडावं लागत नाही.

१२ जून
ताई आज नऊ वेळा संडासला गेली. काल आठ. पण काल ती जेवलीच नव्हती, म्हणजे खरं तर कमीच.
दूध पिताना रोज विचारते, आज भांडण कुठवर आलं? मी सांगते. आज म्हटलं, भांडकुदळांची म्होरकी आपल्या आत्यासारखीच बोलते. ताई पोट धरून हसली. बाबा दारातून म्हणाले, ही आपली धाकटीच बोलतेय का?
हजेरी: सगळे हजर.

२ जुलै
रक्त पडतंय. जुनं, खराब रक्त बाहेर पडत असणार. वजन तीन किलो कमी. काटा बिघडलाय.

१४ जुलै
पुड्या काल संपल्या. ताईला ॲडमिट केलं.
पुड्या कशातून दिल्या, सिस्टरनी विचारलं. दुधातून, ताई म्हणाली. गार ना? मी म्हटलं, उकळत्या.
“अगं बाळा, जिवंत असतात ते.”
चाळीस दिवस. सगळे गैरहजर.
डॉक्टर म्हणाले, गार दिलं असतं तरी आता फार फरक पडला नसता. उद्या मोठं आतडं काढणार.
ताईला म्हटलं, तू खोका वाचला होतास. हो, म्हणाली. मग बोलली का नाहीस?
“तू बोलत होतीस ना. मी कशाला मध्ये तोंड घालू?”
शुद्धीवर आले की आधी तुझा आवाज पाहिजे मला, म्हणाली.
निश्चय: सिस्टरनी पुकारलं की मोठ्याने हजर म्हणायचं. बाथरूममध्ये कडी लावून अकरा वेळा म्हणून बघितलं. चांगला येतो आवाज.

१५ जुलै, दुपार
बाबा खाली औषधं आणायला गेले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आठ-दहा माणसं, त्यांत मी. दार उघडलं. सिस्टर नवीन होत्या. तेरा नंबरची बहीण कोण, म्हणाल्या, पेशंट बोलावतेय.
मी उभी राहिले. तोंड उघडलं.
त्यांनी इकडेतिकडे बघितलं. परत एकदा पुकारलं.
दार लागता लागता आत ताईला सांगितलेलं ऐकू आलं. कोणी आलेलं नाहीये.