रेडिओचा प्लग

नंदुरबार, कार्तिक वद्य पंचमी, संध्याकाळ

जानकीला हवं होतं ते भिंतीतलं कपाट अखेर करून घेतलं. रेडिओचा प्लग नेमका मधे येत होता, म्हणून तो आज शेजारच्या भिंतीवर हलवला. जुना काढताना वायरमन म्हणाला, "इतला खाले कसाले? पोरंसोरं लावतस का रेडिओ?" नाही म्हटलं, मी एकटाच. "मंग वर लावू ना काका, तुमले वाकनं पडी." तरी मी बोट ठेवलं ते खालीच. बसून धान्य निवडताना तिचा हात बटणाला पोचायचा, तेवढ्या उंचीवर. हे त्याला कशाला सांगू?

सुनेच्या बाळंतपणाला म्हणून सुरतेला गेली, त्याला दोन वर्षं होतील. दर पत्रात 'दिवाळीनंतर येते'. दिवाळी झाली. नातू धावायला लागला म्हणे.

आत्ता वाकूनच रेडिओ लावला. कंबर दुखली. समोर कपाट रिकामं.

वरचा कप्पा तिच्या हाताला लागणार नाही, ती बुटकी. खाली घेऊ का, असं सुताराने विचारलं होतं. मीच नको म्हटलं. काही काढायचं झालं तर मला हाक तरी मारेल.