बारा नावांचं बटण

मी, महादेव विश्राम चिंदरकर, वय वर्षे शहात्तर, पूर्वी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, कामाला, आता कुठेच नाही, राहणार खोली नंबर २७, दुसरा मजला, कृष्णाबाई चाळ, लालबाग, मुंबई, हे मृत्युपत्र सकाळचा चहा घेऊन, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टर चिंतामणी वाळके यांनी तपासून पाहिलं. छाती मात्र ठिकाणावर नाही असंही तेच म्हणाले, म्हणून ही घाई. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. खोलीचा भाडेहक्क माझी पत्नी दमयंती हिच्याकडे राहावा व तिच्या पश्चात मुलगा हेरंब याच्याकडे जावा. हेरंब डोंबिवलीला राहतो आणि आईला तिकडे नेतो म्हणतो. मुलगा गुणी आहे, पण घाईचा आहे. साखरेने दमयंतीचे दोन्ही डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. या खोलीत तिला मोरीचा उंबरा, फळीवरचा मिठाचा डबा, देवाची काडेपेटी, सगळं बोटांनी दिसतं. ती स्वतःहून म्हणाली तरच तिला न्यावं. उचलून नेल्यास माझा आत्मा शांत बसणार नाही, हे हेरंबने लक्षात ठेवावं.

कलम २. पोस्टातलं आणि बँकेतलं जे काही असेल ते सर्व दमयंतीचं. संपाच्या दोन वर्षांत मी युनियनच्या सभा करत फिरलो आणि घर तिच्या खानावळीवर चाललं. वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या तिने एकटीने भाजल्या. कुणापुढे हात पसरला नाही आणि मला एका शब्दाने बोलली नाही. तेव्हा माझं म्हणून वाटायला माझ्याकडे फारसं काही नाहीच.

कलम ३. खरं मृत्युपत्र हे आहे, बाकीचं रीतीप्रमाणे लिहिलं.

सून सुमेधा हिने दोन दिवाळ्यांपूर्वी आम्हाला मोठा टीव्ही आणि त्याच्याभोवती पाच स्पीकर आणून दिले. सासूला दिसत नाही, निदान ऐकू तरी चांगलं येऊ दे, असा तिचा विचार. पोरीला आशीर्वाद. पण त्याबरोबर चार रिमोट आले: टीव्हीचा, केबलच्या डब्याचा, स्पीकरचा आणि भजनाच्या सीड्या लागतात त्या यंत्राचा. दमयंतीने एकाला रबर लावलं, एकाला लोकर गुंडाळली, तरी गोंधळ व्हायचाच.

एकदा मी गिरणी कामगारांच्या घरांचा अर्ज भरायला गेलो होतो. चार तासांनी परत आलो तर ही टीव्हीसमोर नीट पदर घेऊन बसलेली, पडदा काळा, आवाज नाही. विचारलं, "काय गो, काय ऐकतंस?" तर म्हणाली, "चालू आसा काय बंद, ताच कळना. म्हटलंय, तुम्ही येशात." समोर दरवाजा उघडा, पॅसेजमध्ये माणसं, पण तिने कुणाला हाक मारली नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी गेल्यावर ही अशीच बसून राहणार, आणि तेव्हा येणारं कुणी नसणार.

सुमेधाला सांगितलं. तिने सगळ्यांचा मिळून एकच, शिकवता येणारा रिमोट आणला. दुकान कुठलं, तर आमच्या गिरणीच्या जागेवर जो मॉल झालाय त्यातलं. ज्या जमिनीवर माझे साचे धडधडत होते तिथूनच हे वीतभर जादूचं यंत्र माझ्या हातात आलं. मी ते आधी देवापुढे ठेवलं.

हेरंब म्हणाला, "बाबा, तुम्हाला नाही जमणार, रविवारी मी येतो." अरे, तुझ्या जन्माआधीपासून मी डॉबीवर काम केलं! कापडात नक्षी उतरायची तर साच्यावरच्या डॉबीत लाकडी पट्ट्यांची माळ फिरते. पट्टीत खुंटी असेल तिथले धागे वर उचलले जातात, नसेल तिथले खाली राहतात. त्या खुंट्या मी ठोकायचो. रिमोटचं पुस्तक भिंगाने वाचायला बसलो आणि तिसऱ्या पानावर अंगावर काटा आला. ही तर माळच! आधी टीव्ही, मग डबा, मग थांबा, मग स्पीकर. एक बटण दाबलं की एकामागून एक हुकूम सुटणार.

नव्या रिमोटमध्ये घालायचा टीव्हीचा आकडा पुस्तकात मिळाला. स्पीकरचा नव्हता. तेव्हा जुना रिमोट आणि नवा रिमोट समोरासमोर, नाकाला नाक लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं आणि नव्याने ते शिकायचं. काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि शिकतो! मोबाइलचा कॅमेरा समोर धरला तेव्हा जुन्याच्या टोकाशी जांभळा ठिपका लुकलुकताना दिसला. देवा रे! इतकी वर्षं खोलीत हा उजेड पसरत होता आणि डोळे असून मला दिसला नव्हता. दमयंतीला सांगितलं तर हसून म्हणाली, "म्हणजे आता आपण सारखीच."

टीव्ही जागा व्हायला वेळ घेतो, म्हणून मध्ये बारा सेकंद थांबायचा हुकूम घातला. पण तेवढ्यात तिला वाटायचं काहीच झालं नाही, आणि ती पुन्हा दाबायची. मग जे चालू झालेलं ते बंद. शेवटी मी म्हटलं, बटण दाब, रिमोट समोर धर आणि गणपतीची बारा नावं घे. रोज देवापुढे घेतेस ती. गिरणीची आठवण म्हणून ठेवलेली डॉबीची एक खुंटी होती. तिचं टोक कापून त्या बटणावर चिकटवलं. अंगठा बरोबर तिथे जातो.

तरीही गडबड होईना कमी. एक दिवस नीट, दुसऱ्या दिवशी डबा बंद. अकरा वेळा मी सगळं पुसून नव्याने शिकवलं. बाराव्या वेळी मागून आवाज आला, "महादू, माझो टीव्ही तू बंद करतंस काय रे?"

दारात बुधाजी घाडी उभा होता. समोरच्या २८ नंबरचा. आम्ही एकाच साचेखात्यात होतो. संपाच्या अकराव्या महिन्यात तो कामावर परत गेला. मी गेटवर सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर थुंकलो. त्यानंतर एकोणतीस वर्षं, सहा फुटांच्या पॅसेजपलीकडे राहून, आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

चूक अशी की केबलवाल्याने दोघांना एकाच जातीचा डबा दिलेला आणि चाळीत दिवसा दरवाजा कोण लावतं? माझा हुकूम त्याच्या घरात जायचा, त्याचा माझ्या. त्याने बिचाऱ्याने डबा बिघडला म्हणून दोनदा बदलूनही आणला होता.

मी म्हटलं, "दरवाजा लावून घेतो." तो दमयंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वयनीक एकटीक कोंडून घालतलंस? नुको." घरी गेला. थोड्या वेळाने पलंग सरकवल्याचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने टीव्ही दुसऱ्या भिंतीला नेला, डबा कपाटाआड ठेवला, स्वतःची बसायची जागा फिरवली. त्या दिवसापासून आमचं बटण एकदाही चुकलेलं नाही.

पुढे त्याने सांगितलं की संपात तो कामावर गेला त्या वेळी त्याची मुलगी मंजुळा तापाने फणफणली होती आणि घरात दाणा नव्हता. मी हे कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती इथे लिहून ठेवतो.

कलम ४. सदर रिमोट दमयंतीचा. त्याची देखभाल बुधाजी लाडोबा घाडी याने करावी. गणपतीला आणि शिमग्याला सेल बदलावेत. जुने काढल्यावर पाच मिनिटांच्या आत नवे घालावेत, नाहीतर शिकवलेलं सगळं विसरतो. हेरंबने त्यात सुधारणा करू नये. माझी खुंट्या ठोकायची हातोडी बुधाजीला द्यावी. ती त्याने गिरणीत असताना अनेकदा मागितली होती.

कलम ५. बुधाजीशी असलेलं माझं वैर कुणाच्याही वाट्याला ठेवत नाही. ते माझ्याबरोबर जाळावं.

कलम ६. सही करण्याआधी आज एक चाचणी घेतली. दमयंतीला सांगितलं, समज मी नाही. मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. बुधाजीही त्याच्या दारात आला. तिने चाचपून खुंटी शोधली, रिमोट दोन्ही हातांत धरला आणि नावं घ्यायला लागली. आम्ही दोघे म्हातारे श्वास रोखून मोजत होतो. बारावं नाव संपलं आणि पाची स्पीकरमधून खोलीभर आवाज भरला. बुधाजीने हात जोडले. मीही जोडले, कुणाला ते ठाऊक नाही.

मी आत गेलो. तिने माझ्या पावलांच्या दिशेने तोंड वळवलं आणि म्हणाली, "झाला. आता तुम्ही खंय गेलात तरी चालात."

मग तिने माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही, म्हणून सही करायला थोडा उशीर झाला आहे.

(सही) महादेव विश्राम चिंदरकर

वरील सही महादेव चिंदरकर यांनी आमच्या डोळ्यांसमोर केली व आम्ही त्यांच्यासमोर केली:
१. डॉ. चिंतामणी वाळके, लालबाग
२. आनंदा गोविंद तावडे, खोली नंबर ३१

बुधाजीलाही सही करायची होती. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये असं मी विचारल्यावर एका वकिलांनी सांगितलं. तो म्हणाला, मग हातोडी नुको, सही करतंय. मी ऐकलं नाही.

लालबाग, मुंबई
१८ जानेवारी २०१२. संप सुरू झाला त्याला आज तीस वर्षं झाली.