टाकीच्या चढावर पाय न टेकता

कळंब,
संकष्टीनंतरचा शुक्रवार

ती. दादा,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (कागदावर गुडघे दुखत नाहीत, म्हणून साष्टांग). तुझी साखर ताब्यात असेल आणि वहिनींची नजर चुकवून आंब्याच्या फोडी खाणं तू थांबवलं असशील असं धरून चालते. वहिनींचा खांदा कसा आहे? त्यांना म्हणावं, शेक सोडू नका. नागपूरला तापलं की इथेही तापतं, तेव्हा उन्हाबद्दल वेगळं लिहीत नाही. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. दोघी म्हणजे मी आणि तू पाठवलेली विजेची सायकल. दोघींनाही खरचटलं आहे, पण चालतोय.

मितालीने फोनवर तिची बाजू तुला सांगितलीच असेल, म्हणून माझी बाजू लेखी कळवते. बाजाराच्या तोंडाशी मी स्कूटरवरून पडले, तेव्हापासून तुझी भाची स्कूटरची किल्ली पुण्याला घेऊन गेली आहे आणि रोज एकच पालुपद लावते, की आई, आता एकटी राहू नकोस, इकडे ये. आमचं घर पाण्याच्या टाकीपाशी, उंचावर. भाजी, बँक, दवाखाना, चिंतामणी गणपतीचं देऊळ, सगळं खाली. खाली जायला काही लागत नाही, पण पिशवी घेऊन वर येताना जीव तोंडाशी येतो, आणि ऑटोवाले तो चढ ऐकला की घाईत असतात. तू सायकल पाठवलीस तेव्हा वाटलं, सुटले. त्याच आनंदात मी फोनवर मितालीला बोलून गेले, की तू संकष्टीला ये, तुझ्या डोळ्यांसमोर बाजारातून भाजी घेऊन टाकीचा चढ पाय न टेकता चढून दाखवते. टेकला, तर तुझ्या गाडीत बसून पुण्याला येते. ती लगेच म्हणाली, चालेल. (जन्मभर वर्गात पोरांना 'विचार करून बोला' सांगणारी बाई मी. माझंच मी ऐकलं नाही.)

आता सायकलीविषयी. तू म्हणाला होतास, मधलं बटण दाबून धर, पडदा उजळेल, मग अधिकच्या बटणाने मदत वाढव, उण्याच्या बटणाने कमी कर, एवढंच आहे. दादा, तुझं 'एवढंच' मी लहानपणापासून ओळखते. पहिल्याच आठवड्यात सायकल चालायची आणि पडद्यावर वेग शून्य. मी घामाघूम, आणि यंत्राचं म्हणणं की बाई जागेवर उभ्या आहेत. थोडं अंतर गेलं की ते एक चूक-क्रमांक दाखवून मदत बंद करायचं. शेजारचे पंजाबराव धावून आले. तुला ते आठवतील, शेतातला पंप घरच्या घरी उघडतात आणि बहुतेक वेळा बंदही करतात. त्यांच्या मते जगात पंप सोडून दुसरं यंत्र नाही, बाकी सगळी त्याचीच भावंडं. "बाई, फिकर नोका करू. मोटर म्हंजे मोटर," असं म्हणून त्यांनी पाना काढला, तेव्हा मी घाबरून तुला फोन लावला. तू विचारलंस, मागच्या चाकाच्या तारेवरचं चुंबक जागेवर आहे का? नव्हतं. कांताबाईने (माझ्याकडे कामाला येते ती, तुझ्या आवडीच्या भाकरीवाली) सायकल भांड्यांच्या घासणीने घासली होती, त्यात चुंबक फिरून पलीकडे तोंड करून बसलं होतं. ते वेग मोजणाऱ्या काळ्या डबीसमोर आणलं आणि वेग परत आला. श्रेय मात्र पंजाबरावांनी घेतलं.

त्या श्रेयाने घात केला. अधिक आणि उणे ही दोन्ही बटणं एकदम दाबून धरली की पडद्यात एक चोरखोली उघडते, हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. तिथे जाऊन त्यांनी पायडलला किती हात लागला, म्हणजे पाय लागला, की मोटरने उठायचं, तो आकडा बदलला. मला म्हणाले, आता हलकी झाली, पाहा बसून. मी अंगणात नुसता पाय ठेवला तर सायकल तीरासारखी सुटली आणि आम्ही थेट कांताबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांत. तिने कपाळाला हात लावला. "कायले बसता बाई त्या भुतावर?" मी आकडा पूर्ववत करायला सांगितला, तर पंजाबराव म्हणाले, पयले किती होता ते ध्यानात नाही. शेवटी तू फोनवर बसून एकेक आकडा बोललास आणि मी लावत गेले, ते उपकार विसरले नाही. त्यानंतर सपाटीला एक, चढाला तीन, अशी माझी आणि सायकलीची सोयरीक जमली. संकष्टीच्या आदल्या संध्याकाळी मी टाकीचा चढ तीनवर गाणं म्हणत चढले. रात्री झोप मात्र नीट लागली नाही. या घरातली ही शेवटची झोप असली तर, एवढा एकच विचार छातीवर बसून होता.

मिताली सकाळी आली. गळ्यात पडली, चहा प्याली, आणि चपला घालूनच बसून राहिली. मी सायकलीपाशी गेले तर कांताबाई पहाटेच चिंतामणीला जाऊन आलेली. सायकलीला हार, दुर्वा, पडद्यावर हळदीकुंकवाचा भरघोस पट्टा, आणि उजव्या मुठीला देवापुढे ठेवून आणलेला लाल धागा, ब्रेकच्या दांडीसकट चांगला आवळून. माझ्या मनगटाला का नाही बांधला, विचारलं, तर म्हणाली, "तुमाले थोडीच चढाचं हाय, चढाचं सायकलले हाय. आन् बाई, सोडू नोका. नवस बोलली मी. तुमी पुन्याले गेल्या तं मी सकायी कोनाच्या घरी चहा पिऊ?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघाले.

उतारावर काही कळलंच नाही, कारण उताराला मोटर लागतच नाही. बाजारात वांगी, गवार, कैऱ्या घेतल्या, वर ईर्ष्येने एक छोटं टरबूज घेतलं. मिताली मागे गाडी घेऊन, गाडीचे चारही दिवे लुकलुकवत. (जसं काही माझी अंत्ययात्रा निघाली आहे.) चक्कीपासून चढ सुरू होतो. मी तीनवर बटण नेलं आणि पायडल मारलं. काही नाही. म्हटलं, उठेल. परत मारलं. पायाखाली नुसतं लोखंड. चार केलं, पाच केलं. पडदा लख्ख उजळलेला, बॅटरी भरलेली, आणि मोटर गप्प. टरबूज मागे ओढतंय. चक्कीतले लोक बाहेर येऊन उभे. पहिल्या वळणावर पंजाबराव माझं स्वागत करायला थांबले होते, ते ओरडायला लागले, "बाई, पाच करा, पाच!" मी ओरडून म्हटलं, पाचच आहे! तर म्हणाले, "मंग बंद करून चालू करा!" बंद करायचं तर बटण दाबून धरायला हवं, आणि माझे दोन्ही हात मूठ धरून जीव वाचवत होते.

दादा, खरं सांगते, त्या वेळी मला सायकल दिसत नव्हती. मला माझी खोली दिसत होती, आणि त्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी सामान. सायकल इतकी हळू झाली की आता कोणत्या बाजूला पडायचं एवढंच ठरवायचं राहिलं होतं. तेवढ्यात कपाळावरचा घाम टपटप पडद्यावर पडला आणि तिथलं कुंकू ओघळलं. खाली एक लहानशी खूण पेटलेली दिसली. ब्रेकची. तुझे शब्द आठवले, की ब्रेक दाबला की मोटर आपोआप गप्प होते, ती सोय आहे, घाबरू नकोस. पण मी ब्रेक दाबलाच नव्हता! मग हाताकडे पाहिलं. देवाच्या धाग्याने दांडी एवढीशी ओढून धरली होती. चाक अडावं इतकी नाही, मोटरला गप्प बसवावं इतकी.

म्हणजे मला इथेच ठेवण्यासाठी बांधलेला धागा मला पुण्याला धाडत होता. आणि तो सोडायचा नव्हता. कांताबाईचा नवस होता त्यात. सोडायला हातही मोकळा नव्हता, पाय टेकायची सोय नव्हती, आणि मागून मिताली खिडकीतून ओरडत होती, आई, उतर, पुरे झालं. मी चिंतामणीला मनातल्या मनात म्हटलं, तूच बघ बाबा काय ते, आणि हँडलवर वाकून तो धागा दातांनी धरला. पहिल्या झटक्याला दात हलला, दुसऱ्याला धागा तुटला. मी विसरले होते, की मदत पाचवर आहे.

पुढचं मला फारसं आठवत नाही. पंजाबराव बाजूच्या नालीत उभे राहिलेले दिसले, ते स्वतःहून गेले की मी पाठवले हे अजून ठरलेलं नाही. टरबूज दुसऱ्या वळणावर उतरलं. टाकी गेली, माझं फाटक गेलं, आणि मी पार पलीकडे नवी घरं होताहेत त्या लेआऊटमधल्या वाळूच्या ढिगात जाऊन थांबले. पण दादा, पाय टेकला नव्हता. (ढिगात टेकला, तो चढ संपल्यावर. हे मी पंजाबरावांकडून कबूल करून घेतलं आहे.) कांताबाई धावत आली आणि पहिला प्रश्न, "बाई, धागा कोठी गेला?" मी म्हटलं, तुटला गं. ती मटकन खाली बसली, मी घाबरले, तर डोळे पुसत म्हणते कशी, "मंग तं पावला देव! आपल्या मनानं तुटला म्हंजे नवस पुरा झाला." आपल्या मनानं की माझ्या दातानं, हे मी तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तर एकूण असं आहे. मी पास झाले. मिताली काल सकाळी पुण्याला गेली, स्कूटरची किल्ली परत देऊन. मी इथेच राहणार, आणि या विषयावर आता कुणी चर्चा करू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
रत्नप्रभा

ता. क. मदतीच्या पायऱ्या तीनच्या वर जाऊच नयेत असं चोरखोलीत काही करता येतं का, ते कळव. पंजाबरावांना विचारायचं नाही असं मी ठरवलं आहे.

ता. क. २. पत्र बंद केलं होतं, परत उघडलं. दादा, मिताली भांडली नाही. दोन दिवस एक शब्द नाही. मी उलट उत्तरं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून म्हणाली, "तुझ्या पुस्तकांसाठी खिडकीपाशी कपाट करून घेतलं होतं. असू दे, त्यात आता चादरी ठेवीन." आणि हसली. ते हसणं मला ओळखीचं आहे. लहानपणी ताप लपवताना ती असंच हसायची. घरात जावई महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर, ही एकटीच असते, हे मला ठाऊक होतं. मी मात्र तिला सगळा वेळ परीक्षक समजले.

ता. क. ३. तेव्हा तू एवढं कर. तिला सांग, की आईला आणखी एकदा विचारून बघ. माझं नाव घेऊ नकोस. मी आधी नाही म्हणेन, तर तिने फोन ठेवू नये.