मोर्णामाय आणि काविळीची माळ

जुने शहर, अकोला
४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. रूपाली हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना हा म्हातारा कागद का खराब करतो, असं म्हणशील. पण तुझ्या सासरी फोन कायम स्पीकरवर. मी कशी आहेस विचारलं की विहीणबाई मागून मजेत आहे म्हणतात. मग मी बोलायचं कुणाशी? म्हणून ही चिठ्ठी जावईबापू किशोररावांच्या झेंडूच्या गाडीबरोबर धाडतो. गेल्या खेपेला तुझ्या पाकिटातून पाकळ्या सांडल्या, त्या मी अजून झाडलेल्या नाहीत.

दिवाळीची सुट्टी संपवून आचल तुझ्याकडे परतली आणि घर शेवटची घंटा झालेल्या वर्गासारखं झालं. रोज दुपारी तिच्याकडून शाळेच्या संमेलनाची कविता म्हणून घ्यायचो. तुझ्या लहानपणी आपल्या मोर्णा नदीवर तुझ्यासाठी केलेलीच:

मोर्णामाय, मोर्णामाय, इतकी संथ कशी?
माझी होडी निजली बघ तुझ्या उशापाशी.

दुसरी ओळ आली की सात वर्षांच्या त्या पोरीचे डोळे आपोआप मिटायचे. हातातली करंजी हातातच राहायची. शेवटी शेवटी तर खाण्यापिण्याचीही शुद्ध नव्हती. जन्मभर वर्गात कविता शिकवली, पण कवितेत इतकं बुडालेलं लेकरू पाहिलं नाही. आजोबावर गेली, दुसरं काय.

तिचं फिटचं औषध तू सांगितल्याप्रमाणे दोन्ही वेळा दिलं. ते सुरू झाल्यापासून चार-पाच महिने झटका नाही, यातच सगळं आलं.

लोभ आहेच, तो उत्तर धाडून ताजा ठेवावा.
तुझा,
बाबा (शालिकराम)


अमरावती
७ नोव्हेंबर, सकाळ

तीर्थरूप बाबांस रूपालीचा शि. सा. न.

बाबा, ती कवितेत बुडाली नव्हती. ती आजारी होती.

आल्यापासून सकाळी उठली की उलटी. दिवसभर सुस्त. काल जेवताना तिचा हात दोनदा झटकला आणि ताट उलटं झालं. काल संध्याकाळपासून डोळे पिवळे आहेत. कोपऱ्यावरचे डॉक्टर परवा म्हणाले, फराळ बाधला.

सासूबाईंनी मात्र कावीळ ओळखली. नजर पक्की आहे त्यांची. पण दवाखान्याऐवजी त्यांनी कावीळ उतरवणाऱ्या पार्बताबाईला बोलावलं. तिने ओल्या काड्यांची माळ मंत्रून आचलच्या डोक्यावर ठेवली. माळ सैल होत डोक्यावरून गळ्यात उतरली की कावीळ उतरली म्हणायचं. तोवर उंबरा ओलांडायचा नाही, सुई टोचून घ्यायची नाही. माळ कानापर्यंत आली म्हणून घरात सगळे खूश आहेत, आणि पोर कालपेक्षा पिवळी दिसून राहिली.

या औषधानेच पोरीचं लिव्हर जाळलं असं म्हणून त्यांनी कालपासून बाटली लपवली आहे. कठीण हे की त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नाही. औषध सुरू करताना मोठ्या डॉक्टरांनीच बजावलं होतं की क्वचित एखाद्या मुलाच्या लिव्हरला हे सोसत नाही. उलट्या, सुस्ती, पिवळेपणा दिसला की तपासणीच्या तारखेची वाट न बघता घेऊन या, पण आपल्या मनाने बंद करू नका. मी हे सांगितलं. किशोर आईकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि मग फुलं तोलायला निघून जातात.

मले परवानगी नको आहे, बाबा. उद्या मी तिला घेऊन जाणारच. भांडण होईल, होऊ दे. पण लग्नात तुम्ही म्हणाला होता की मुलीच्या बापाने तिच्या सासरी तोंड उघडू नये. ते अजून खरं आहे का, तेवढं कळवा. ही चिठ्ठी आत्ताच्या झेंडूच्या गाडीबरोबर देते, दुपारपर्यंत पोचेल.

तुमचा हात डोक्यावर असू द्यावा, आणि आवाजही.
आपली,
रूपाली


अकोला
७ नोव्हेंबर, दुपार

विहीणबाई मैनाबाई, जावई किशोरराव आणि घरच्या सर्व मंडळींस शालिकरामचा सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी कुणाबरोबर धाडत नाही, फोनवर वाचून दाखवतो आहे. लिहून घेतलं म्हणजे जीभ अडखळणार नाही. स्पीकर चालू राहू द्या. आज मला तो हवा आहे.

विहीणबाई, कावीळ तुम्ही ओळखली. तीच पोर माझ्यासमोर पेंगत होती आणि मी तिचं कौतुक करत बसलो. औषधाबद्दलची तुमची शंकाही खरी निघेल. पण ओल्या काड्या वाळल्या की गाठी ढिल्या पडतात आणि माळ लांबते. ती तांब्याच्या गळ्यात घातली तरी उतरेल. तांब्याला कुठे कावीळ झाली असते?

रूपाली, तुझ्या चिठ्ठीतला 'उद्या' मी खोडला. आज जायचं, आत्ता. विहीणबाई, बाटली काढा आणि बरोबर द्या. ते औषध थांबवायचं की बदलायचं हे मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. डॉक्टर ठरवतील, पण आजच ठरवतील.

लग्नात जे बोललो ते सर्वांसमक्ष मागे घेतो. मुलीचा बाप बोलणार. हा फोन ठेवून तो एसटी स्टँडवर निघतो आहे.

राग माझ्या नावावर राहू द्यावा आणि पोरीला रिक्षात बसवावं.
आपला,
शालिकराम


अमरावती
३ डिसेंबर

ईवाईबुवा शालिकराम यास मैनाबाईचा रामराम.

मले लिहिता येत नाही म्हनून सून लिहून राहिली. एकबी शबूद फिरवू नको म्हनून बजावलं तिले.

तुमचा फोन झाला अन् तुमच्या पोरीनं माही फुलं छाटाची कैची उचलली अन् माह्या डोळ्यादेखत माळ कापली. मले वाटलं, माहं नाकच कापलं. तुमाले वाटत असन का मी तुमच्या भाषनानं उठली. नाही. आचलनं 'आजी' म्हनून हाक मारली अन् तिची जीभ जड झाल्ती, म्हनून उठली. फुलाच्या क्रेटामागून बाटली काढली अन् सगळ्याच्या आंधी रिक्षात बसली.

रक्ताच्या तपासनीत लिव्हर सुजेल निंगालं. ते औषध तिले सोसलं नाही, असं डॉक्टरनंच म्हटलं. मी काय म्हनत होती? तुमी दवाखान्यात आले तवा मी तोंड फिरवून बसली होती, का आता तरी हा मास्तर कबूल करन. तर तुमी लेकराच्या उशाशी कविता घेऊन बसले.

पन डॉक्टरनं हेबी म्हटलं का माळ उतराची वाट पायली असती तर पोरगी हातची गेली असती. अन् बाटली लपवून आपल्या मनानं औषध तोडलं, तेबी वाईट केलं. हे मी मुंडी खाली घालून नाही ऐकलं. डोळ्यात डोळे घालून ऐकलं. बाकीच्या लेकराईले तेच औषध चालते म्हने, हिलेच नाही चाललं. तिले दुसरं देल्लं. झटका नाही, उलटी नाही, भाकर मांगून खाते.

आता तपासनीले तिले मीच नेतो. रक्त घेनारा म्हने, रिपोर्ट परवा भेटन. मी तिथंच बाकड्यावर बसली. संध्याकाळी देल्ला त्यानं. सूज उतरून राहिली.

आता नवीन आईका. शाळेची बाई म्हनते, आचलले संमेलनात स्टेजवर उभी करत नाही, फिट आली त काय करावं? मी म्हटलं, आली त मी हाव, नाही आली तरी मी हाव. पोरगी म्हननारच.

लोभ ठेवा का नका ठेवू, पन येजा. अन् आल्यावर कवितेचा अर्थ सांगत बसू नका.

मैनाबाई


अमरावती
१९ जानेवारी २०२६

प्रिय आबांना आचलचा नमस्कार.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं म्हणून तुम्हाला संमेलनाला येता आलं नाही. शेजारच्यांकडून हे पत्र वाचून घ्या.

बाईंनी मला बसून म्हण म्हणून खुर्ची दिली होती. मी बसलीच नाही. आजी पडद्यामागे उभी होती. बाई तिला खाली बसा म्हणत होत्या, तीपण बसली नाही.

आबा, मला आता दुपारी झोप येत नाही. म्हणून मी तुमची एक ओळ बदलली. बाई म्हणाल्या, चुकली. मी म्हटलं, चुकली नाही, बदलली. आणि मग पुन्हा एकदा म्हटली, अजून मोठ्याने:

मोर्णामाय, मोर्णामाय, इतकी संथ कशी?
माझी होडी निघाली बघ, तू निज हवी तशी.

पट्टी निघाली की तुम्ही स्वतः वाचा. पण खोडायचं नाही.

तुमची,
आचल