कथबर्टचा लीक आणि माझा प्रामाणिकपणा

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज ठरलं. गावच्या शाळेत केअरटेकरची जागा निघाली आहे आणि ती माझी आहे. फक्त अर्ज करायचा बाकी. खिडक्यांचा कारखाना बंद पडल्यापासून मी घरीच असतो. आयरिसला माझा सहवास आवडतो, पण बायको आहे, दाखवणार कशी? काल म्हणाली, हेडली, आणखी महिनाभर तू असा ओट्यापाशी घुटमळलास तर मी बहिणीकडे राहायला जाईन. थट्टेखोर आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
अर्जात एक प्रश्न आहे. पूर्वी कधी शिक्षा झाली आहे का? खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की जुनी, किरकोळ प्रकरणं सांगायची गरज नाही. आयरिस म्हणाली, मग 'नाही' लिही आणि जेवायला ये. तिला या गोष्टी कळत नाहीत. 'नाही' काय, सगळेच लिहितात. कबुली देणारा लक्षात राहतो. मी सांगणार. सगळं, स्वच्छ, एका वाक्यात.

१३ ऑगस्ट
वाक्य तयार. "अठराव्या वर्षी, लीक-स्पर्धेच्या आधी, मी कथबर्ट डॉड्सच्या वाफ्यात शिरून त्याचा सर्वांत मोठा लीक चाकूने चिरला, दंड झाला."
फार बोडकं वाटतं. परक्या माणसाला लीक म्हणजे काय, पातीच्या कांद्याचा थोराड भाऊ. पण आमच्या डरहॅमकडच्या खाणगावांत स्पर्धेच्या आठवड्यात माणसं वाफ्याशेजारी खुर्ची टाकून झोपतात. बायको आजारी पडली तर शेजारणीला बघायला सांगतील, लीक कुणाच्या भरवशावर सोडणार नाहीत. चीर गेलेला लीक स्पर्धेतून बाद. त्या वर्षी पहिलं बक्षीस पलंग-कपाटाचा सेट होता आणि माझे वडील दुसरे येणार होते.
प्रकरण कळल्यावर वडिलांनी स्वतःचे लीक स्पर्धेत ठेवलेच नाहीत. हे अर्जात नको.

१५ ऑगस्ट
वाक्य सुधारलं. 'चिरला' काढून 'लीकला इजा झाली' केलं. भारदस्त वाटतं. चाकू गाळला. वाईट मित्रांची संगत घातली. मित्र कोणी नव्हते, पण त्या वयात असतातच.
आयरिसने वाचलं. म्हणाली, मुलगा बरा वाटतो, कोण हा?
अर्ज टाकला.

२९ ऑगस्ट
मुलाखतीचं बोलावणं! प्रामाणिकपणाचा विजय. आयरिसचं म्हणणं, तुला बॉयलर दुरुस्त करता येतो म्हणून बोलावलंय. असेल, तेही असेल.
गावच्या क्लबात कळलं की शाळेच्या कमिटीवर कथबर्ट डॉड्स आहे. चिंता नाही. म्हातारा आता ऐंशीच्या घरात आला, विसरला असणार. दर सप्टेंबरला, स्पर्धेच्या दिवसांत, मी क्लबात शिरलो की तो मोठ्यानं म्हणतो खरा, मंडळी, आपापले चाकू सांभाळा रे. पण ते सवयीनं.

८ सप्टेंबर, सोमवार, सकाळी
निश्चय: विचारतील तेवढंच बोलायचं. कोट घातला. आयरिसने कॉलर नीट केली आणि म्हणाली, राजा, फक्त बॉयलर. दुसरं काही नको.

दुपारी
उत्तम झाली. मुख्याध्यापिका मिसेस थर्लवेल दक्षिणेकडच्या. लीकचं सूप करतात एवढीच त्यांची समज. त्या हसून म्हणाल्या, हे जुनं प्रकरण तुम्ही लिहायची गरजच नव्हती, आमची काही हरकत नाही, आता बॉयलरबद्दल सांगा. दुसरा कोणी असता तर तिथे थांबला असता. पण कथबर्ट समोर बसलेला, मन मोकळं करायची संधी रोज येत नाही. मी म्हणालो, एक गोष्ट स्पष्ट करतो, तो लीक बुडाशी आधीच फाटलेला होता. बादच झाला असता. माझ्यामुळे तसा काही फरक पडला नाही.
पोस्टातली म्युरिएलही कमिटीवर आहे. तिने डोळे मिटून घेतले. कथबर्टने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भारावला असावा.
बॉयलरचं राहूनच गेलं.

१० सप्टेंबर
मिसेस थर्लवेलचा फोन. नाही म्हणाल्या.
मी विचारलं, त्या जुन्या गुन्ह्यामुळे ना? त्या म्हणाल्या, छे हो, उलट मिस्टर डॉड्सच तुमचं नाव लावून धरत होते. तुम्ही आत येण्याआधी म्हणाले, पोरगा होता, दंड भरला, मिटलं. तेव्हापासून सरळ वागलाय, द्या त्याच्या हातात किल्ल्या. मुलाखतीनंतर मात्र म्हणाले, हा किल्ल्या हरवेल आणि सांगेल की दाराला कुलूपच नव्हतं.
आयरिसला सांगितलं. तिने थट्टा केली नाही. ते जास्त लागलं.

११ सप्टेंबर
कथबर्टकडे गेलो. परवा स्पर्धा, त्यामुळे तो वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसलेला. मला पाहताच उठला आणि माझ्या नि लीकच्या मधे येऊन उभा राहिला.
त्याने विचारलं, फाटलेला होता का रे तो?
म्हटलं, नव्हता.
म्हणाला, मला कमी ऐकू येतं.
म्हटलं, नव्हता फाटलेला, मिस्टर डॉड्स! आजूबाजूच्या वाफ्यांतून डोकी वर आली.
म्हणाला, मग कसा होता?
म्हटलं, तसा लीक मी पुन्हा पाहिला नाही. माझ्या वडिलांचा त्याच्यापुढे काहीच नव्हता. आणि मी एकटाच आलो होतो, बरोबर कोणी नव्हतं.
तो माझ्या नि लीकच्या मधून बाजूला झाला. मग मान डोलावली. मला वाटलं, हीच वेळ. म्हटलं, मग त्या नोकरीचं जरा...
म्हणाला, ती हेक्सहॅमच्या एकाला दिली. सोमवारी येतोय. बस, चहा घे.
थर्मासमधला होता. बिनसाखरेचा. साखर मागितली नाही.